माळ्यावरची कॅसेट आणि दिवाणाखालचा व्हीसीआर

परवाच्या टपालात एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. अक्षर सुरेख, पण मजकूर सगळा तक्रारीचा. यजमान निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना जुने व्हीसीआर गोळा करण्याचा नाद लागला आहे. रविवार उजाडला की गृहस्थ पिशवी घेऊन जुन्या बाजारात निघतात आणि जेवायच्या वेळेला काखेत एखादं धुळकट काळं खोकं घेऊन परततात. "आता घरात नऊ झाले," बाई लिहितात. "चार गॅलरीत, तीन दिवाणाखाली, एक शिवणयंत्रावर आणि एक चक्क देवघराशेजारी. त्यातला चालतो एकच, तोही वरून थोपटल्यावर. जेवणाच्या टेबलावर स्क्रू, वाटीत स्क्रू, परवा तर पोह्यांत स्क्रू सापडला. दिवाळीच्या आत सगळे भंगारवाल्याला द्यावेत असं मी म्हणते. ताई, तुम्हीच यांना चार शब्द सांगा."

सांगते. पण यजमानांना नंतर, आधी तुम्हालाच.

एरवी असलं पत्र आलं की मी डोळे मिटून बाईची बाजू घेते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. नवऱ्यांच्या नादांपायी घरातल्या किती खणांवर आणि माळ्यांवर पाणी सोडावं लागतं, ते मला कुणी सांगायला नको. पण तुमच्या पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून, एक ओळ आहे : "आमच्या लग्नाची कॅसेटही माळ्यावर कुठेतरी आहे, पण ती आता कोण बघणार?" त्या ओळीशी मी अडले. ती कॅसेट अजून माळ्यावर आणि ती दाखवू शकणारं यंत्र दिवाणाखाली, असं असताना भंगारवाल्याला हाक मारायची घाई करू नका.

आठवतं ना ते दिवस? १९८२ साली दिल्लीला एशियाड भरलं, दूरदर्शन रंगीत झालं, आणि त्याच सुमाराला व्हीसीआर हा शब्द आपल्या आळीत ऐकू यायला लागला. कुणाचा दीर दुबईला, कुणाचा भाचा मस्कतला. सुट्टीवर येताना त्यांनी आणलेल्या सामानात ते खोकं असलं की सगळी चाळ दाराशी जमायची. ज्यांच्याकडे नव्हता ते एका रात्रीपुरता भाड्याने आणायचे, टीव्हीसकट, आणि घेतलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर! तिसऱ्याला पुरुषमंडळी घोरत असायची आणि आपल्याला दुधाची पातेली विसळायला उठायची वेळ झालेली असायची. मग लग्नात फोटोवाल्याबरोबर व्हिडिओवालाही यायला लागला. डोक्यावर तो डोळे दिपवणारा दिवा धरलेला पोऱ्या, आणि त्या उजेडात घामाने निथळणारी नवरी. त्या दिवसांपासून पुढची वीसेक वर्षं आपल्या घरांतली लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं सगळी त्या काळ्या कॅसेटींत आहेत. मुलांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

यंत्र मूळ जपानचं. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स काढलं, पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस आणलं. एकाची कॅसेट दुसऱ्यात बसत नसे. बाजारात शेवटी व्हीएचएस तरलं, आणि आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटी बहुतेक सगळ्या त्याच. पण आता मुद्द्याची गोष्ट ऐका. नवीन व्हीसीआर आता कुणी बनवत नाही. जपानचीच फुनाई म्हणून कंपनी शेवटपर्यंत टिकून होती. तिनेही जुलै २०१६ च्या अखेरीला काम थांबवलं. भरभराटीच्या काळात वर्षाला दीड कोटी यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीची २०१५ सालची विक्री साडेसात लाखांवर आली होती, आणि सुटे भागही मिळेनासे झाले होते. म्हणजे आता जगात आहेत तेवढेच व्हीसीआर, आणि त्यातलेही रोज थोडे भंगारात जाताहेत. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी चित्रपट-ध्वनी संग्रहालयाने तर २०१५ सालीच बजावलं होतं, की टेपवर असलेलं जे काही २०२५ च्या आत उतरवून घेतलं जाणार नाही, त्यातलं बरंचसं कायमचं जाईल. कॅसेटी काही एखादी तारीख बघून मरत नाहीत, हे खरं. पण टेप म्हातारी होते, यंत्र त्याहून आधी म्हातारं होतं, आणि यंत्राला हात लावणारा माणूस सगळ्यांत आधी. दिवाणाखालचे तीन मला म्हणूनच अडगळ वाटत नाहीत.

आता थोडं यंत्राच्या पोटात डोकावू. शिवणयंत्राची बॉबिन काढून तेल घालणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही. तीन तासांच्या कॅसेटीत जवळजवळ अडीचशे मीटर टेप असते. तीस नऊवारी लुगडी एकीला एक जोडली तर होईल एवढी लांब, आणि रुंदीला जेमतेम अर्धा इंच. कॅसेट आत सरकवली की यंत्रातले दोन खुंट पुढे येतात, टेप बाहेर ओढतात आणि एका चकचकीत गोल ड्रमभोवती गुंडाळतात. टेप सरकते अगदी गोगलगायीसारखी, सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास. पण तो ड्रम मात्र सेकंदाला पंचवीस वेळा गरगर फिरत असतो, आणि त्याच्या कडेला केसाएवढी बारीक दोन हेडं असतात. चित्र वाचतात ती हीच. एका फेरीत एक चित्र. आवाज मात्र साध्या यंत्रात वेगळंच हेड वाचतं, टेपच्या काठावरून. एवढं कळलं की निम्मी दुरुस्ती कळली म्हणून समजा.

कारण मग आजार आपोआप ओळखू येतात. पडद्यावर नुसत्या मुंग्या, पण सनई स्वच्छ ऐकू येते? मग यंत्र मेलेलं नाही, ड्रमवरची हेडं मळली आहेत. चित्र ठीक, पण भटजींचा आवाज कापरा? टेप ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत होऊन सटकतोय. कॅसेट आत घेतो, क्षणभर कुरकुरतो आणि बंद पडतो? गुंडाळणारी चकती फिरत नाहीये. तिला फिरवणारं छोटं रबरी चाक, ज्याला मेकॅनिक आयडलर म्हणतात, कडक झालं आहे, नाहीतर बेल्ट सैल पडला आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रात हे बेल्ट कधीकधी चिक्कीच्या पाकासारखे वितळून चिकटलेले असतात. टेप खाणारं यंत्र असतं ते बहुधा याच दुखण्याचं. बाहेर ओढलेली टेप परत गुंडाळली जात नाही, तशात आपण कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबतो, आणि टेप आत अडकून राहते. आणि दिवाच लागत नसेल तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात. त्या भागाला घरच्या माणसाने हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते. ते मेकॅनिकचं काम.

पण पहिले आजार घरी बरे होण्यासारखे आहेत, आणि तुमच्या यजमानांना त्यात आनंद वाटतो आहे तर वाटू दे. फक्त काही गोष्टी तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघा, कारण पुरुषमाणसं या बाबतीत घाई करतात. हेड साफ करायला कानातला कापूस लावलेली काडी घेऊ देऊ नका. कापसाचा धागा त्या बारीक हेडाच्या टोकात अडकतो आणि ओढला की हेड तुटतं. तुटलं की संपलं, कारण नवं कुठून आणणार? त्याऐवजी लिहायचा साधा कोरा कागद, त्याची बोटभर रुंद पट्टी, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात ते मिळतं. ती ओली पट्टी ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरायची, आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवायचा. कागद वर-खाली घासायचा नाही. भांडं घासल्यासारखं तर मुळीच नाही! काळा डाग कागदावर आला की नवी पट्टी. मग पूर्ण वाळू द्यायचं. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल नको, त्याने रबर वाळतं. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. बेल्ट बदलायचा तर मोजमाप घेऊन इलेक्ट्रॉनिक भागांच्या बाजारातून आणावा. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. जुना बेल्ट ताणलेला असतो, म्हणून नवा किंचित लहान घ्यायचा. मिठाईच्या पुड्याचं रबर लावून भागत नाही. आमच्याकडे हा प्रयोग झाला आहे, म्हणून अधिकाराने सांगते.

आणखी एक गंमत. झाकण काढून यंत्र चालवून पाहिलं आणि कॅसेट घातल्या-घातल्या ते बंद पडलं, तर लगेच घाबरू नका. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते आणि तिच्यातून उजेड आला की यंत्राला कळतं, टेप संपली. झाकण उघडं असताना खिडकीतलं ऊन नाहीतर ट्यूबचा उजेड त्याच डोळ्यांवर पडला की यंत्र फसतं. वरून एक पुठ्ठा आडवा धरला की झालं. आमच्या गावातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी मला हे दाखवलं तेव्हा मी हसतच सुटले.

आणि ते पोह्यांतले स्क्रू! त्याला माझ्याकडे उपाय आहे. इडलीपात्राची एक जुनी ताटली यजमानांना कायमची देऊन टाका. झाकणाचे स्क्रू पहिल्या खळग्यात, पुढच्या पट्टीचे दुसऱ्यात, असं ओळीने. जोडताना उलट क्रमाने उचलायचे. पोह्यांचा प्रश्न सुटला, आणि यंत्र जोडल्यावर दोन स्क्रू उरले आहेत ते कुठले, हा प्रश्नही सुटला. फक्त स्क्रूड्रायव्हर लोहचुंबकाचा असेल तर तो हेडांपासून आणि कॅसेटीपासून लांब ठेवायला सांगा.

आता नऊ यंत्रांचं काय करायचं? इथे मी पुन्हा तुमच्या बाजूची. नऊ नकोत. पण शून्यही नको. एक नीट चालणारा आणि त्याच बनावटीचा दुसरा, ज्याचे अवयव पहिल्याला उपयोगी पडतील, हा हिशेब व्यवहाराचा. हौस म्हणून वर आणखी एक-दोन धरा. ठेवताना एवढं बघा. नुसता कॅसेट दाखवणारा व्हीसीपी असला तरी आपल्या कामाला पुरे. त्यात रेकॉर्डिंगचं यंत्रच नसतं, त्यामुळे चुकून काही पुसलं जायची भीतीही नाही. आखाताकडून आलेला मल्टी-सिस्टिम असेल तर तो सोन्यासारखा जपा. अमेरिकेत राहणाऱ्या नणंदेने नातवाच्या वाढदिवसाची कॅसेट पाठवली असेल तर ती तिकडच्या एनटीएससी पद्धतीची असते. आपल्या साध्या पाल पद्धतीच्या यंत्रात ती धड दिसत नाही. आणि थेट अमेरिकेहून आणलेलं यंत्र असेल तर मागच्या पत्र्यावरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू देऊ नका. ते ११० व्होल्टचं असतं; आपल्या २३० वर एका क्षणात धूर!

बाकीचे पाच-सहा द्यायचेच, तर आधी त्यांतले रोलर, आयडलर आणि ड्रम सुस्थितीत असतील तर काढून, नावं लिहून डब्यात ठेवावेत, आणि मग खुशाल जाऊ द्यावेत. भंगारात नाही तर अशाच एखाद्या नादिष्टाकडे. मुंबईच्या चोर बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात असले गृहस्थ एकमेकांना बरोबर हुडकून काढतात.

यंत्राचं झालं. पण जीव अडकलेला असतो कॅसेटीत, आणि तिथे मी स्वतः जी चूक केली ती तुम्ही करू नका.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न १९८६ साली झालं. माहेरी तेव्हा व्हीसीआर नव्हता. आमच्याकडे होता, दिरांनी मस्कतहून पाठवलेला. म्हणून लग्नाची कॅसेट माझ्याकडेच राहिली. पुढच्या वर्षी जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे ते दिवस. एका रविवारी आम्हा सगळ्यांना नात्यातल्या मुंजीला जाणं भाग होतं, आणि सासूबाईंचा तर रामायणाचा भाग चुकायचा नाही. त्यांनी शेजारच्या मुलाला सांगितलं, "बाळ, तेवढं रेकॉर्ड करून ठेव." त्याने हाताला आली ती कॅसेट लावली. संध्याकाळी घरी येऊन बघितलं तर बहिणीच्या लग्नात, कन्यादान होतंय न होतंय तोच, रामायण!

मी सासूबाईंना काही बोलले नाही. त्या काळी बोलत नसत. पण मनातून इतकी चिडले, की कॅसेट बंद केली, डब्यात घातली आणि माळ्यावर टाकली. बहिणीला सांगितलं, "अगं, पुसली गेली." ती रडली. त्यानंतर त्या कॅसेटीचं नाव कुणी काढलं नाही.

१९९१ साली आमचे अण्णा गेले. त्यांचे फोटो आहेत, सगळे ताठ उभे राहिलेले, फोटोवाल्याकडे बघणारे. हलणारे-बोलणारे अण्णा कुठेच नाहीत. असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

काही वर्षांपूर्वी माळा आवरताना ती कॅसेट हाताला लागली. वाटलं, चला, निदान सीमांतपूजन तरी बघू. शेजारून एक व्हीसीआर मागून आणला आणि सरळ कॅसेट आत सरकवली. खिडकीसारख्या पारदर्शक भागातून आतल्या टेपच्या गुंडाळीवर पांढरं-पांढरं काहीतरी दिसत होतं. मला वाटलं धूळ असेल. ती धूळ नव्हती, बुरशी होती. आमच्या माळ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. यंत्राने दोन मिनिटं खरखर दाखवली, मग घरघरलं, आणि कॅसेट बाहेर आली ती टेपचा गुंता आत ठेवून. बुरशीने त्या यंत्राची हेडं मळली ती वेगळीच. शेजाऱ्यांना तोंड दाखवायची चोरी झाली.

म्हणून सांगते, माळ्यावरून कॅसेट काढली की पहिल्यांदा उजेडात धरून बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके किंवा पावडर दिसली तर ती कुठल्याही यंत्रात घालायची नाही, "एकदाच बघू" असं म्हणूनही नाही. वेगळ्या पिशवीत घाला, इतर कॅसेटींना लागू देऊ नका, आणि माणूस शोधा. स्वतः उघडायची असेल तर नाकाला फडकं बांधून, घराबाहेर, लेकरांपासून दूर; ती पूड छातीत जाणं चांगलं नाही. कॅसेटीला खालून पाच स्क्रू असतात. ते काढले की दोन्ही चकत्या मोकळ्या होतात आणि चांगल्या कॅसेटीच्या खोक्यात बसवता येतात. पण टेप पुसणं हे चिकाटीचं काम आहे, जाणत्याकडे दिलेलं बरं. आणि टेप तुटली असेल तर कृपा करून सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पाझरतो, पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि शेवटी हेडावर जाऊन बसतो. त्यासाठी वेगळी चिकटपट्टी असते, आणि ती टेपच्या मागच्या बाजूने लावायची असते.

मला मघाशी म्हटलेले मेकॅनिक काका मिळाले ते असे विचारत-विचारत. आधी एका दुकानात दिली होती. त्यांनी आठ दिवस ठेवून "होणार नाही" म्हणून परत केली, आणि टेपला आणखी दोन घड्या पाडून दिल्या. नाव कशाला घ्या. काकांचं वय सत्तरीच्या पुढचं, दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तुम्हीही शोधाल तेव्हा चकचकीत दुकानं सोडा आणि आपल्या गावातले जुने टीव्ही दुरुस्त करणारे कोण, ते विचारा. गेल्यावर "आयडलर बदलून मिळेल का?" एवढा एकच प्रश्न करा. ज्याला तो शब्द कळून चेहरा उजळतो, त्याच्याकडे कॅसेट द्या.

काकांनी कॅसेट उघडली, चार दिवस खपून साफ केली, चुरगळलेला हातभर तुकडा कापून टेप जोडली, आणि मला बोलावलं. आम्ही दोघी बहिणी गेलो. सीमांतपूजन दिसलं, मंगलाष्टकं दिसली. कन्यादान सुरू झालं, आणि पडद्यावर एक रंगीत पट्टा चमकून गेला आणि रामायण आलंच. मी म्हटलं, "काका, बस्स. इथून पुढे पुसलेलं आहे."

काका म्हणाले, "बंद करू नका. रामायण किती वेळाचं? पाऊण तास धरा. कॅसेट तीन तासांची आहे. रेकॉर्डिंग थांबलं की त्याच्या पुढे जुनं तसंच राहतं."

मैत्रिणींनो, हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही रागाने कधी पुढे ढकलून बघितलं नव्हतं. आम्ही बसून राहिलो. काकांच्या सौभाग्यवतींनी चहा आणला. रामायण संपलं, क्षणभर मुंग्या आल्या, आणि एकदम पंगत! केळीची पानं, उदबत्त्या, आणि त्या पंगतीत कमरेला उपरणं खोचून, हातात जिलब्यांचं ताट घेऊन आमचे अण्णा. व्याह्यांच्या पानापुढे वाकून आग्रह करताहेत, "अहो घ्या, घ्या, माझ्या हातची एक तरी." चित्र थोडं थरथरत होतं, खाली एक रेघ होती. आवाज अगदी स्वच्छ. त्यांना जरा घोगरा 'र' होता. तो मी साफ विसरून गेले होते. बहीण काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली. काकांनी उठून खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन बसले.

त्याच दिवशी आम्ही ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. त्यासाठी बोटाएवढं एक उपकरण मिळतं. एका बाजूला व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. आणि जुनी कॅसेट नीट लागते आहे असं दिसलं, की त्याच वेळी उतरवायची. "आधी सगळे मिळून बघू, मग उतरवू" असं नको. पुढच्या वेळी ती लागेलच याची खात्री नसते. बुरशी नसलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. मात्र हा प्रयोग पहिल्यांदा एखाद्या बिनकामाच्या पिक्चरच्या कॅसेटवर करून यंत्र टेप खात नाही ना, ते पडताळा. उतरवलेलं दोन ठिकाणी ठेवा. एक आपल्याकडे, एक मुलाकडे किंवा बहिणीकडे. मूळ कॅसेट टाकू नका. पुस्तकासारखी उभी ठेवा, पूर्ण गुंडाळून, ओल्या भिंतीपासून आणि स्पीकरपासून दूर. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर तिथे नको.

हो, आणि नव्वदीनंतरच्या काही छोट्या कॅसेटी असतात. त्यांतल्या व्हीएचएस-सी नावाच्या असतील तर एका खोक्यात बसवून व्हीसीआरमध्ये लावता येतात. आठ मिलिमीटरच्या असतील तर लावता येत नाहीत, त्यांना त्यांचाच कॅमेरा लागतो. कुणी काही बसवून देतो म्हणालं तरी ऐकू नका.

तर बाई, येत्या रविवारी यजमानांना जुन्या बाजारात जाऊ देऊ नका. शिडी धरायला लावा आणि माळ्यावरची कॅसेट खाली काढा. उजेडात धरून बघा. मग तिची पाठ बघा. डाव्या कोपऱ्यात नखाएवढी प्लॅस्टिकची काडी असते. ती शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने आत्ताच मोडून टाका, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणाला काही रेकॉर्ड करता येणार नाही. आमच्या कॅसेटीची मोडलेली नव्हती. काडीच्या जागी कुणी सेलोटेप चिकटवला असेल तर तो काढा. मग त्या नवांपैकी जो थोपटल्यावर चालतो, त्याला आधी थोपटावं का लागतं ते यजमानांना शोधू द्या.

आणि देवघराशेजारचा तेवढा आजच हलवायला सांगा. उदबत्तीची राख आणि निरांजनाची काजळी हेडांना अजिबात चालत नाही.